खारीचा वाटा

पिट्सबर्गच्या उपनगरात लेकीकडे आम्ही सहा महिन्यांसाठी राहायला गेलो आणि दुसऱ्याच महिन्यात आमच्या मेथीवर दरोडा पडला.

मेथी हिची होती. डोंबिवलीच्या गॅलरीत फुटक्या बादलीत कढीपत्ता लावून हिनं आयुष्यभर शेतीची हौस भागवलेली. इथं घरामागचं ऐसपैस परस बघून तिच्या अंगात एकदम कुणबीण संचारली. फोडणीच्या डब्यातल्याच मेथ्या पेरल्या, वाफा केला, रोज सकाळी चहाचा कप हातात घेऊन ती वाफ्यापाशी उभी राहायची. शुक्रवारी तिनं जाहीर केलं, "उद्या खुडते. लसणाची फोडणी देऊन भाजी." शनिवारी सकाळी वाफ्यात नुसते देठ उभे होते. न्हाव्यानं मशीन फिरवावं तसे, सगळे एका उंचीचे.

"अहो, घूस!" ती ओरडली.

मी खिडकीतून बघितलं. घूस म्हणावी तर मांजरापेक्षा थोराड. मागच्या दोन पायांवर उभी, पुढचे दोन पाय पोटावर आणि चेहरा पंगतीतून उठलेल्या व्याह्यासारखा तृप्त. जावयानं मोबाइलवर शोधून सांगितलं, "बाबा, हा ग्राउंडहॉग. वुडचकही म्हणतात. घुशीच्या नाही, खारीच्या कुळातला आहे."

म्हणजे सेतू बांधताना वाळूचे कण वाहणाऱ्या त्या खारीचा हा अमेरिकेत स्थायिक झालेला चुलता. वजन सहा किलोपर्यंत जातं. खारीचा असूनही वाटा मात्र सिंहाचा.

आता आमच्या घराण्यात प्राणी मारण्याची परंपरा नाही. चाळीत पिंजऱ्यात उंदीर सापडला की आम्ही तो पुढच्या गल्लीत नेऊन सोडायचो. पुढच्या गल्लीतले त्यांचा उंदीर आमच्या गल्लीत सोडायचे. वर्षानुवर्षं तेच चार उंदीर पायी न चालता दोन्ही गल्ल्यांत नांदले. पण मेथी गेल्यावर ही मला म्हणाली, "काहीतरी करा." लग्नाला चाळीस वर्षं झाल्यावर या दोन शब्दांचा अर्थ 'कोणालातरी विचारा' असा होतो, हे मला कळतं. मी कुंपणापलीकडच्या शेजाऱ्यांना विचारायला गेलो.

शेजारी निवृत्त गृहस्थ, सत्तरीला टेकलेले. त्यांचं खरं नाव इथं कशाला? घरात आम्ही त्यांना काटेकोरकाका म्हणायचो. हा माणूस हिरवळ कापतानासुद्धा मधूनमधून थांबून गवताला पट्टी लावत असे. त्यांना मी दरोड्याची हकीकत सांगितली आणि त्यांच्या डोळ्यांत चमक आली.

"वुडचक! मी गेली पस्तीस वर्षं वुडचकची शिकार करतोय!"

मला परमेश्वर भेटल्यासारखं झालं. मी म्हणालो, "मग चला ना. आत्ता तिथंच बसलाय. इथून दिसतोय."

काकांनी कुंपणावरून डोकावून बघितलं आणि त्यांची चमक गेली. "हा? हा तर वीस फुटांवर आहे."

"मग बरंच की!"

"वीस फुटांवर काय नेम मारायचा?" एखाद्या गवयाला मी 'हॅपी बर्थडे' म्हणायला सांगितल्यासारखा त्यांचा चेहरा झाला. शिवाय पेनसिल्व्हेनियात राहत्या घरापासून दीडशे यार्डांच्या आत, घरमालकाची परवानगी नसेल तर, शिकार करता येत नाही, हेही त्यांनी मला समजावलं. पण कायदा त्यांनी नंतर सांगितला, दुःख आधी. मेथीसाठी त्यांनी मला तारेची जाळी एक फूट खोल पुरायचा सल्ला दिला आणि मग आवाज खाली आणून म्हणाले, "खरा वुडचक बघायचाय? तीनशे यार्डांवरचा?"

आपल्याकडच्या शिकारकथांत शिकारी सावजाच्या जवळ जाण्यासाठी जिवाचं रान करतो. काट्याकुट्यांतून सरपटतो, मचाणावर रात्र काढतो. या पंथाचं उलटंच आहे. सावज जवळ आलं की यांचा रस संपतो. जितका दूर, तितका आनंद. अमेरिकेत अशा उपद्रवी प्राण्यांना 'वार्मिंट' म्हणतात. पश्चिमेकडच्या माळांवर प्रेअरी डॉग, इकडे पूर्वेला वुडचक. त्याचं मांस फारसं कोणी खात नाही, भिंतीवर मुंडकं लावत नाही. मग कशासाठी एवढा खटाटोप, हे कळायला मला काकांच्या तळघरात उतरावं लागलं.

तळघर म्हणजे सराफाची पेढी, सुताराचा ठिय्या आणि देवघर एकाच खोलीत. हे गृहस्थ बाजारातली काडतुसं वापरत नाहीत. झाडलेल्या काडतुसाची पितळी नळी परत आणतात, घासतात, दाबून पुन्हा मापात आणतात, तोंड कातरतात, मग प्रत्येक नळी वजन करून डबीत ठेवतात. जड नळ्यांची डबी वेगळी, हलक्या नळ्यांची वेगळी. "यांच्यात फरक किती?" मी विचारलं. "फार! जवळजवळ एक ग्रेन." एक ग्रेन म्हणजे आपल्या गुंजेच्या साधारण निम्मा. दारू भरताना ते ग्रेनचा दहावा भाग मोजतात. आमच्या डोंबिवलीच्या सराफानं माझ्या अंगठीचं वजन एवढ्या निगुतीनं केलं असतं, तर मी आज थोडा श्रीमंत असतो.

"ही माझी बावीस-दोनशेपन्नास," काकांनी जाड नळीच्या एका रायफलवर हात ठेवत ओळख करून दिली. मला तो बेस्टच्या बसचा नंबर वाटला. ही जुनी, घरोघरी जन्मलेली जात. हौशी लोक आपापल्या तळघरांत मोठ्या काडतुसाचं तोंड आवळून ती बनवत. मग १९६५ साली एका कारखान्यानं तिला अधिकृत आपलं म्हटलं. तिची थोरली बहीण 'टू-ट्वेंटी स्विफ्ट' १९३५ची. तिची गोळी सेकंदाला चार हजार फुटांहून अधिक वेगानं निघते. कोबी खाणाऱ्या प्राण्यासाठी.

"ही अर्ध्या मिनिटाची रायफल आहे," काका अभिमानानं म्हणाले.

"नंतर बंद पडते?"

त्यांनी मला स्टुलावर बसवलं. मिनिट म्हणजे वेळ नाही, कोन. एका अंशाचा साठावा भाग. शंभर यार्डांवर तो साधारण एक इंच होतो. अर्ध्या मिनिटाची रायफल म्हणजे शंभर यार्डांवरच्या सगळ्या गोळ्या अर्ध्या इंचाच्या घोळक्यात. मी मान डोलावली. माझी लेक दहावीत असताना भूमितीच्या पेपरच्या आदल्या रात्री मी अशीच मान डोलावली होती.

फळीवर एक जाडजूड पुस्तक होतं. चार्ल्स लँडिस यांचं, १९५१ सालचं, नुसतं वुडचक आणि वुडचकसाठीच्या रायफली या विषयावर. मी उघडून बघितलं तर पानोपानी पेन्सिलच्या खुणा. काकू जिन्यात उभ्या राहून म्हणाल्या, "या तळघराच्या पैशांत मी सगळ्या राज्याला आयुष्यभर कोबी विकत घेऊन दिला असता." मी मनातल्या मनात डॉलरचे रुपये केले आणि काकूंचा हिशेब मला माफक वाटला.

हे सगळं हिवाळ्यात चालतं. ऑक्टोबरपासून वुडचक बिळात झोपतो. मिनिटाला ऐंशी ठोके देणारं त्याचं काळीज पाच-दहा ठोक्यांवर येतं. बाहेर बर्फ, जमिनीखाली हा झोपलेला, आणि पलीकडच्या जमिनीखाली काका दिवा लावून त्याच्या नावानं गुंजा मोजतायत. लग्न ठरलेल्या मुलाला पत्ताच नाही आणि इकडे रुखवताची तयारी सुरू, तसा प्रकार.

जूनमध्ये गवताची पहिली कापणी झाल्यावर काकांनी मला न्यायचं ठरवलं. लेकीनं बजावलं, "बाबा, तुम्ही व्हिजिटर व्हिसावर आहात. बंदुकीला हात लावायचा नाही." मी म्हणालो, "अगं, मी गणपतीत टिकल्या फोडताना कानांत बोटं घालतो." हिनं दशम्या, तिळाची चटणी आणि पोह्यांचा चिवडा बांधून दिला. पहाटे साडेचारला काकांची गाडी दारात. त्यांनी माझ्या डोक्यावर भडक केशरी टोपी घातली, स्वतःही घातली. आम्ही दोघे एखाद्या पक्षाच्या मोर्चाला निघाल्यासारखे दिसत होतो.

वाटेत पंक्ससुटॉनी लागलं. पिट्सबर्गहून ईशान्येला ऐंशी-एक मैल. या गावात वुडचक म्हणजे ग्रामदैवत. दर २ फेब्रुवारीला, १८८७ सालापासून, उंच काळ्या टोप्या घातलेले प्रतिष्ठित लोक भल्या पहाटे फिल नावाच्या ग्राउंडहॉगला गॉब्लर्स नॉब नावाच्या टेकाडावर बाहेर काढतात. त्याला आपली सावली दिसली की आणखी सहा आठवडे हिवाळा. नाही दिसली तर वसंत लवकर. क्लबाचे अध्यक्ष म्हणे त्याची भाषा जाणतात. शिवाय १८८७ पासूनचा फिल हा एकच, दर उन्हाळ्यात अमृताचा घोट घेऊन जगत आलेला. सरकारी हवामान खात्यानं हिशेब केला, तेव्हा स्वारी निम्म्या वेळाही बरोबर निघाली नाही. पण आमच्या पंचांगातल्या पर्जन्यवाहनाची परीक्षा कोण घेतो? गावभर फिलचे माणसाएवढे रंगीत पुतळे आहेत.

"म्हणजे फेब्रुवारीत पूजा आणि जूनमध्ये बंदूक?" मी विचारलं.

"सुरुवातीला हे क्लबवाले स्वतःच वुडचकची शिकार करून मेजवानी झोडायचे," काका म्हणाले.

मी पुढं काही बोललो नाही. पंचमीला नागाला दूध आणि षष्ठीला काठी, हे करणाऱ्या मुलखातून मी आलेला. एवढंच विचारलं, "तुम्ही फिलवर नेम धराल?"

"देवाशपथ नाही!" काका दुखावले. गाडीनं एक वळण घेतलं. मग म्हणाले, "आणि तो असतोही फार जवळ."

शेतकरी कुंपणाच्या फाटकाशीच भेटला. त्याची तक्रार साधी होती. वुडचक गवतात बिळं करतो. बिळात ट्रॅक्टरचं चाक जातं, नाहीतर गाईचा पाय. "तुम्ही कितीही मारा," तो काकांना म्हणाला. बोलण्याचा सूर असा, की हे वाक्य तो पस्तीस वर्षं म्हणतोय आणि त्यातून त्याच्या हाती फारसं काही लागलेलं नाही.

मग काकांनी संसार मांडला. घडीचं टेबल, वाळूच्या पिशव्या, मोठी दुर्बीण, अंतर मोजायचं लेझरयंत्र, वारा मोजायची चिमुकली पंखावाली डबी, रिबिनी बांधलेल्या दोन काठ्या, तीन रायफली आणि एक वही. तीन कशाला? एक तापली की ती गार होईपर्यंत दुसरी. मांडायला एक तास दहा मिनिटं लागली. आमच्याकडे सत्यनारायणाची मांडणी एवढ्या वेळात होते, पण तिथं निदान शिरा मिळतो.

पहिल्या दोन गोळ्या काकांनी समोरच्या बांधात झाडल्या. साफ केलेल्या नळीतून पहिली गोळी नीट जात नाही म्हणे, नळी आधी जरा काळी व्हावी लागते. "भवानी," मी म्हणालो. काकांना शब्द आवडला. त्यांनी वहीत 'भवानी २' असं काहीसं रोमन अक्षरांत लिहिलं.

मग आम्ही वाट बघितली. सात वाजले, आठ वाजले. मृगजळ उठायला लागलं तसे काका खुलले. दुर्बिणीतून ते मृगजळ बघतात. ते कुठल्या बाजूला वाहतंय त्यावरून वारा कळतो. मृगजळामागे धावू नये, असं मला शाळेत शिकवलं होतं. इथं हा गृहस्थ त्याच्याकडे बघून हिशेब मांडत होता. ताशी दहा मैलांचा आडवा वारा असेल तर तीनशे यार्डांवर गोळी जवळजवळ वीतभर सरकते. आणि उभा राहिलेला वुडचक रुंदीला जेमतेम अर्धी वीत.

"कागदाचं लक्ष्य लावून का नाही मारत?" मी विचारलं. "तो बिचारा मेथीही खात नाही."

काकांनी दुर्बिणीवरून डोळा काढला. "कागद कुठं बसायचं ते स्वतः ठरवत नाही. कागदाचं अंतर आधीच माहीत असतं. कागद माझी वाट बघतो. इथं मी त्याची बघतो."

दिवसभरातलं त्यांचं हे सगळ्यांत लांब वाक्य. मी चिवड्याची पिशवी उघडली.

नऊ वाजून चाळीस मिनिटांनी तो आला. आधी बिळाच्या तोंडाशी तपकिरी ठिपका, मग अर्धा, मग दोन पायांवर पुरा उभा. काकांनी लेझर लावलं. "तीनशे बारा." डबीचा पंखा बघितला. रिबिनी बघितल्या. मृगजळ बघितलं. पुन्हा पंखा. रायफलवर गाल टेकवला. अर्धा श्वास सोडून थांबले. मीही थांबलो. झाडावरचा पक्षीसुद्धा थांबला असावा.

"तुम्ही चावताय," काका कुजबुजले.

"काय?"

"टेबलावर कोपर आहे तुमचं. तुम्ही चावताय आणि माझी नेमाची तार हलतेय."

तोंडातला पोहा ना गिळता येतो ना टाकता येतो, अशा अवस्थेत मी कोपर उचललं. शेंगदाणा दाढेखाली तसाच. वारा पडला. वारा उठला. काकांनी श्वास पुन्हा पहिल्यापासून सुरू केला. तेवढ्या वेळात वुडचकनं क्लोव्हरची दोन पानं खाल्ली, कान खाजवला, पूर्वेकडे बघितलं, आणि मला शपथेवर वाटलं की त्यानं जांभई दिली. एकूण अकरा मिनिटं. मग कडाड झालं.

गोळीला तिथं पोचायला सेकंदाचा तिसरा हिस्साही लागला नाही. वुडचकच्या डावीकडे, वीतभर अंतरावर, मातीचा लहानसा फवारा उडाला. त्यानं फवाऱ्याकडे बघितलं, आमच्याकडे बघितलं, आणि शिट्टी मारून बिळात गेला. मला वाटलं काका आता कपाळावर हात मारतील.

काका उठून नाचले. "साडेसात इंच! बघितलंत? मी दोन मैल धरला होता! वारा दहा होता!" वहीत त्यांनी हे तीनदा लिहिलं आणि खाली रेघ मारली.

खरं सांगायचं तर त्या क्षणी मला हा माणूस पुरता कळला. कारण मी चाळीस वर्षं ऑफिसच्या क्लबात कॅरम खेळलो. माझा स्ट्रायकर मी रेशमी रुमालात ठेवतो. बोरिक पावडर तीन वेळा चाळतो. बोर्ड खेळाआधी मऊ फडक्यानं पुसतो, दिवा मधोमध आहे का बघतो, पावसाळ्यात बोर्ड 'स्लो' झालाय हे खिशात पाकीट नाही तसं जाणवतं मला. आणि चाळीस वर्षांत मी दुसऱ्या फेरीच्या पुढं कधी गेलेलो नाही. पण क्वीन एका सुतानं हुकली की मी घरी येऊन हिला अर्धा तास सांगायचो, "कट बरोबर होता गं, नुसता एक सूत!" ही म्हणायची, "जेवायला वाढू का?"

दुपारनंतर एक लागला. त्याबद्दल मी जास्त लिहीत नाही, कारण त्या वेळी मी दुर्बीण मुद्दाम भलत्या झाडावर लावली होती. काका पण नाचले नाहीत. टोपी सरळ केली, वहीत अंतर आणि वारा लिहिला, आणि बराच वेळ रायफलला हात लावला नाही. मग दशमी मागितली. तिळाच्या चटणीनं त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, ते चटणीचंच असावं.

संध्याकाळी शेतकरी ट्रॅक्टरवरून आला. "किती?"

"एक," काका म्हणाले. "पण काय वारा होता! असा वारा मला तीन वर्षांत मिळाला नव्हता."

शेतकऱ्यानं समोरच्या गवताकडे बघितलं. उतरतं ऊन घेत पाच वुडचक आपापल्या बिळांवर उभे होते. दोन तर कुंपणाशी, इथून दगड मारता येईल इतके जवळ. काकांनी त्यांच्याकडे ढुंकूनही बघितलं नाही. ते रायफली पुसत होते. शेतकरी मला म्हणाला, "तुमच्याकडे पण असे लोक असतात का?" मी रेशमी रुमालाचा विषय काढला नाही.

परतल्यावर आठवडाभरात काकांना माझ्या कॅरमचा सुगावा लागला. जावयानं माझ्यासाठी इथल्याच एका मराठी कुटुंबाकडून बोर्ड मिळवला होता. काका बघायला आले ते एक पेटी घेऊन. आधी बोर्ड सपाट आहे का ते पाणसळ लावून बघितलं. एका कोपऱ्याखाली व्हिजिटिंग कार्ड सरकवलं. मग काढलं. मग अर्धं कापून सरकवलं. स्ट्रायकर त्यांनी आपल्या काट्यावर ठेवला. माझ्या मते तो पंधरा ग्रॅम, म्हणजे त्यांच्या भाषेत २३१ ग्रेन आणि वर थोडे. तो भरला २२९. इतकी वर्षं मी दोन ग्रेन हलक्या स्ट्रायकरनं खेळत होतो! चाळीस वर्षांचा उलगडा एका क्षणात झाला. मला गहिवरून आलं.

बोरिक पावडर किती टाकायची यावर आमचा मतभेद आहे. मी चिमूट म्हणतो, ते म्हणतात चिमूट हे माप नव्हे. म्हणून सध्या आम्ही वेगवेगळ्या वजनाची पावडर टाकून सोंगटी किती लांब घसरते ते पट्टीनं मोजतो आणि वहीत लिहितो. खिडकी बंद ठेवावी की उघडी, हेही अजून ठरलेलं नाही, कारण पंखावाली डबी बोर्डावर ठेवली तर ताशी अर्धा मैल वारा दाखवते. काकू आणि ही दोघी स्वयंपाकघरात बसून कोबीची भजी तळतात आणि आमच्याकडे बघून वेगवेगळ्या भाषांत एकच काहीतरी बोलतात.

काल संध्याकाळी ही ओरडली, "अहो, तो आलाय! दुसऱ्यांदा उगवलेली मेथी पण खातोय! जाळीखालून आलाय!"

काका आणि मी बोर्डावर वाकलेलो होतो. सोंगटी अजून घसरत होती.

"शू," काका म्हणाले, "थांबू दे तिला."